ईयोबाच्या ग्रंथातील देवाचे शिक्षकत्व

देवाचे शिक्षकत्व ही हिब्रू बायबलमधील, म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील जुन्या करारातील, एक महत्त्वाची संकल्पना आहे. सर्वसमर्थ देव हाच मानवाचा शिक्षक आहे, हा विचार ईयोबाच्या ग्रंथाच्या ३६व्या अध्यायातील २२व्या वचनात स्पष्टपणे मांडलेला आढळतो. हे वचन अलीहू या पात्राच्या तोंडी आहे. दुःख हा देवाने दिलेला धडा असतो काय, या ग्रंथातील मूलभूत प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

शब्दार्थ

या वचनात 'शिक्षक' या अर्थी 'मोरे' हा हिब्रू शब्द आला आहे. 'शिकवणे, मार्ग दाखवणे' या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून 'तोरा' हा शब्दही त्याच धातूशी जोडला जातो. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र येथे शिक्षकाऐवजी 'सत्ताधीश' या अर्थाचा शब्द आहे. अशा प्रकारे एका परंपरेने या वचनात शिकवण वाचली, तर दुसरीने केवळ सत्ता.

देवाच्या सामर्थ्याशी जोडले जाणारे 'शद्दाय' हे नाव हिब्रू बायबलमध्ये ४८ वेळा येते. त्यांपैकी ३१ उल्लेख एकट्या ईयोबाच्या ग्रंथात आहेत. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'सर्वसमर्थ' हा शब्द रूढ आहे.

ग्रंथातील संदर्भ

ऊस देशातील ईयोब हा सात्त्विक व संपन्न पुरुष होता. एकापाठोपाठ आलेल्या संकटांत त्याची मुले, संपत्ती व आरोग्य नष्ट होते. हे कोणत्याही पापाचे फळ नाही, हे वाचकाला पहिल्या दोन अध्यायांतच कळते. ईयोबाला व त्याच्या मित्रांना मात्र ते ठाऊक नसते. अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या आचरणात शोधतात.

या वादात 'शिकवणे' हे क्रियापद वारंवार येते. माझी चूक कोणती ते शिकवा, मग मी गप्प राहीन, असे ईयोब मित्रांना सांगतो (अध्याय ६). पूर्वजांचा अनुभव शिकवील, असे बिल्दद म्हणतो (अध्याय ८). त्यावर, तुमच्याजवळचे ज्ञान पशुपक्षीही शिकवतील, असा उपरोधिक सूर ईयोब लावतो (अध्याय १२). मुख्य प्रश्न दुःखाचा असला, तरी शिकवण्याचा अधिकार कोणाला, हा वादही त्यासोबत चालतो.

अलीहूचे प्रतिपादन

वयाने लहान असल्यामुळे इतका वेळ मौन पाळणारा अलीहू ३२व्या अध्यायात बोलू लागतो. देव स्वप्नांतून व आजारपणातून मनुष्याला सावध करतो, तसेच क्लेशांच्या द्वारे पीडितांचे कान उघडतो, असे त्याचे म्हणणे आहे. दुःखाकडे केवळ शिक्षा म्हणून न पाहता शिक्षण म्हणून पाहणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. देवाच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून तो पाऊस, मेघगर्जना व हिम यांचे वर्णन करतो. पाऊस कधी शासनासाठी, कधी भूमीसाठी, तर कधी दयेपोटी येतो, असे तो सांगतो.

अलीहूची भाषणे (अध्याय ३२ ते ३७) नंतर जोडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ग्रंथाच्या प्रारंभी व शेवटी त्याचा उल्लेख नाही, हे त्याचे एक कारण.

परमेश्वराचे भाषण

३८व्या अध्यायात परमेश्वर वादळातून बोलतो. तो ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. उलट प्रश्न विचारतो आणि ईयोबानेच आपल्याला माहिती द्यावी, असे आव्हान देतो. पृथ्वीचा पाया, समुद्राची मर्यादा, कृत्तिका व मृग हे तारकासमूह, रानगाढव, शहामृग असे विषय एकामागून एक येतात. मनुष्यवस्ती नसलेल्या रानावरही पाऊस पडतो, याकडे तो लक्ष वेधतो. अलीहूच्या विवेचनात पाऊस प्रामुख्याने मनुष्याशी निगडित आहे. येथे मात्र सृष्टी केवळ मनुष्यासाठी नाही, हे सूचित होते.

ईयोबाच्या अखेरच्या उत्तरातील (४२:६) क्रियापदांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यात पश्चात्ताप वाचतात, तर काही सांत्वन. पुढील वचनांत परमेश्वर तिघा मित्रांना दोष देतो आणि आपल्याविषयी ईयोबच योग्य बोलला, असा निर्वाळा देतो. देवाची बाजू मांडणारे चुकतात व त्याला जाब विचारणारा योग्य ठरतो. अलीहूविषयी मात्र परमेश्वर काहीच बोलत नाही.

नंतरचे अर्थविवरण

पोप पहिले ग्रेगरी यांनी अलीहूला गर्विष्ठ उपदेशकाचे उदाहरण मानले. याउलट जॉन कॅल्विन यांनी १५५४-५५ मध्ये ईयोबावर दिलेल्या प्रवचनांत अलीहूच्या विचारांना मोठे महत्त्व दिले. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस यांच्या मते ईयोब प्रारंभी सदाचारी होता, पण ज्ञानी नव्हता. देवाविषयीचे यथार्थ ज्ञान त्याला शेवटी प्राप्त झाले. त्यांच्या ज्या ग्रंथात हे विवेचन आहे, त्याच्या 'मोरे नेवुखीम' या हिब्रू शीर्षकातही 'मोरे' हाच शब्द आहे.

बायबलमधील इतर उल्लेख

निर्गम ४ मध्ये, काय बोलावे हे आपण शिकवू, असे आश्वासन देव मोशेला देतो. यशया ३० मध्ये संकटकाळानंतर लोकांना आपला शिक्षक प्रत्यक्ष दिसेल, असे म्हटले आहे. या दोन्ही ठिकाणी शिकवण म्हणजे मार्गदर्शन होय. ईयोबाच्या ग्रंथात मात्र शिक्षक उत्तर न देता प्रश्न विचारतो.