ब्रेक दाबल्यानंतरचे मीटर

नागपूर-काटोल रस्ता आणि सावनेरहून धापेवाड्यामार्गे गोंडखैरीकडे जाणारा रस्ता कळमेश्वरला एकत्र येतात. एमआयडीसीतले ट्रेलर, हंगामात संत्र्यांनी भरलेले ट्रक, एसटी आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या. अशा रस्त्यावर ताशी 60 ऐवजी 80 किमीने जाणाऱ्याला वाटते, वेग थोडाच तर वाढवला! नागपूरपर्यंतच्या वीसेक किलोमीटरमध्ये त्याची जेमतेम पाच मिनिटे वाचतात.

धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, आणि ती सगळी ब्रेकला उष्णतेत जिरवावी लागते. त्यामुळे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही चौपट होते. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर असतील, तर 40 च्या वेगातली कार सुमारे 9 मीटरमध्ये थांबते, 80 ची 35 मीटर घेते. शिवाय समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच. तेवढ्यात 60 ची गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते, 80 ची 22 मीटर.

आता समजा, 37 मीटरवर एखादी बंडी आडवी आली. 60 ने येणारी कार तिच्याजवळ कशीबशी थांबेल. 80 ने येणारी? हलका धक्का बसेल, असे वाटते. पण तिला ब्रेकसाठी उरतात फक्त 15 मीटर, आणि धडकेच्या क्षणी तिचा वेग असतो ताशी सुमारे 61 किमी! पहिली गाडी ज्या वेगाने येत होती, त्याच वेगाने दुसरी आदळते. शाळेत वेगाच्या वर्गाचे हे सूत्र शिकवताना हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पावसात घर्षण निम्म्यावर येऊ शकते, म्हणजे ब्रेकचे अंतर दुप्पट. मृगाच्या पहिल्या सरीने धूळ आणि तेलाचा राबडा होतो, तेव्हा रस्ता सर्वांत निसरडा असतो. एबीएस चाके लॉक होऊ देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. पण रस्त्यात नसलेली पकड ते आणू शकत नाही.

ब्रेकच्या अंतराच्या सूत्रात वजन येत नाही. जड गाडीची ऊर्जा जास्त, तसे चाकांवरच्या भारामुळे घर्षणही जास्त. तरी भरलेला ट्रेलर उशिरा थांबतो, कारण एअर ब्रेकमधला दाब मागच्या चाकांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तापलेल्या लायनरची पकड कमी होते. हा उशीर अर्ध्या सेकंदाचा धरला, तर 40 च्या वेगातही ट्रेलर साडेपाच मीटर जास्त पुढे सरकतो. पुष्कळ दुचाकीस्वार कट मारून त्याच्यापुढे शिरतात, ते एवढ्याच जागेत.