क्रॉस कंपायलर निवडताना

भीमपूर परिसरात मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. ‘अवसर’ म्हटले की मराठी माणसाला संधी आठवते. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. यंत्रांचेही तसेच आहे, म्हणून साहित्याचा अध्यापक असूनही मी या विषयात डोकावतो आहे.

कपाशीच्या शेतातली ओल मोजणारे एक छोटे यंत्र घ्या. त्यात अर्दुइनो उनोवरची ‘एटीमेगा ३२८पी’ ही चिप असेल, तर प्रोग्रॅमसाठी जागा ३२ किलोबाइट आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. एवढ्यात कंपायलर मावत नाही. म्हणून प्रोग्रॅम टेबलावरच्या संगणकावर लिहायचा, त्याचे यंत्रभाषेत रूपांतरही तिथेच करायचे. मात्र ते वाचणार दुसरीच चिप. असे रूपांतर करणारा तो क्रॉस कंपायलर.

कंपायलरला आपल्याकडे ‘संकलक’ म्हणतात. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी ‘ए-०’ तयार केला, तेव्हा तो तयार उपप्रोग्रॅम गोळा करून जोडत असे. त्या अर्थाने संकलक बरोबरच. आजचे काम मात्र भाषांतराचे आहे. मला विचाराल तर ‘कंपायलर’च राहू द्यावा. ‘संकलक’ वाचून विद्यार्थ्याला कवितासंग्रह आठवतो.

निवड करताना आधी चिपचे नाव पाहावे, कंपायलरची कीर्ती नंतर. एटीमेगासाठी ‘एव्हीआर-जीसीसी’. अभ्यासक्रमांत अजून टिकून असलेल्या ८०५१ साठी मात्र जीसीसी नाही. तिथे ‘एसडीसीसी’ हा मोफत पर्याय आहे. ‘काइल’चा ‘सी५१’ही चांगला, पण त्याच्या मोफत आवृत्तीत २ किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्रॅम तयार होतो. धडे त्यात बसतात, वर्षाचा प्रकल्प बसेलच असे नाही.

आर्म कॉर्टेक्स-एम चिपसाठी ‘आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी’ लागतो. हे नाव समासासारखे फोडून वाचावे: ‘आर्म’ म्हणजे वाचणारी चिप, ‘नन’ म्हणजे खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही. ‘नन’च्या जागी ‘लिनक्स’ असलेला जुळा भाऊही मिळतो. त्यानेही त्याच घराण्याच्या चिपसाठी रूपांतर होते, पण तयार होणारा प्रोग्रॅम लिनक्स गृहीत धरतो, आणि छोट्या चिपवर ते नसते.

योग्य कंपायलर मिळाल्यावरही ‘अवसर’चा घोळ उरतोच. सी भाषेतला ‘इंट’ कॉर्टेक्स-एमवर ३२ बिटांचा, एटीमेगावर १६ बिटांचा. दोनशेला दोनशेने गुणले तर पहिल्यावर ४०,००० येतात. दुसऱ्यावर मर्यादाच ३२,७६७ ची, त्यामुळे उत्तर बहुधा उणे २५,५३६ दिसते. अशा वेळी ‘इंट’ऐवजी ‘इंट३२_टी’ लिहावे. तेही केवळ उत्तर साठवण्याच्या जागी लिहून भागत नाही. गुणाकारातली निदान एक संख्या तरी आधीच ३२ बिटांची असावी लागते.