दानपेटीतील नाणी : पिशवीचे वजन आणि हाताचा अंदाज

दानपेटीतील नाण्यांची मोजदाद वजनावरून करता येते. मात्र वेष्टनाचा हिशेब राहिला तर रक्कमही चुकते. 2011 च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे 3.79 ग्रॅमचे असते. 100 ग्रॅमच्या कापडी पिशवीचे वजन वजा न केल्यास सुमारे 26 रुपये जास्त धरले जातात. म्हणून रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणावा, मगच नाणी भरावीत.

नाणी आधी मालिकेनुसार निवडणेही आवश्यक आहे. 2019 च्या मालिकेतील एक रुपया 3.09 ग्रॅमचा आहे. हजार नाण्यांमागे 700 ग्रॅमचा फरक पडतो.

हाताचा अंदाज तर अधिकच फसवा. समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान वस्तू जड भासते, हे फ्रेंच वैद्य ऑगस्तँ शार्पांतिये यांनी 1891 मध्ये प्रयोगाने दाखविले. त्यामुळे घट्ट बांधलेल्या पुरचुंडीतील नाणी जड वाटतात. तेवढीच नाणी मोठ्या डब्यात हलकी वाटतात.

तेव्हा डबा हलका लागला एवढ्यावरून मोजणाऱ्या सेवेकऱ्यांवर कोणी संशय घेऊ नये, अशी आमची सर्व भाविकांना व सभासदांना नम्र विनंती आहे. निर्णय काट्याचा व नोंदवहीचा मानावा.