जुनी मर्सिडीज : आधी दोष शोधा, मग पार्ट आणा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखानदारांत आणि आखातात उमेदीची वर्षे घालवून कोकणात परतलेल्या मंडळींत जुन्या मर्सिडीजचा शौक अजून टिकून आहे. शौक करायला हरकत नाही. नव्या छोट्या मोटारीपेक्षा कमी पैशात तीस वर्षांची मोठी गाडी दारात उभी राहते, आणि ती चांगली असेल तर नव्या गाडीला लाजवेल अशी चालते. परंतु सहा-आठ महिन्यांत गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीवर गेले आणि गाडी आजही सकाळी चालू होत नाही, अशी तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. आम्ही कापडाच्या धंद्यातले, मोटारीचे कारागीर नव्हे. मात्र कुर्ला, भिवंडी आणि पुण्याच्या जाणत्या उस्तादांकडे बसून जे पाहिले-ऐकले, ते व्यापारी बंधूंच्या आणि मिस्त्री बंधूंच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

आपल्याकडे जी जुनी मर्सिडीज अधिक दिसते ती ‘डब्ल्यू १२४’ या मालिकेतली. जर्मनीत ही गाडी १९८४ साली बाजारात आली. भारतात कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून हीच गाडी पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात जुळवली जाऊ लागली. पेट्रोलची ई २२० आणि डिझेलची ई २५०, ही त्यातली ओळखीची नावे. चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये आला. म्हणजे या गाडीचे आणि आपल्या महाराष्ट्राचे नाते जुने आहे, आणि तिच्यावर हात बसलेले कारागीरही येथे आहेत, त्यात आपल्या बिरादरीचे पुष्कळ. ‘डब्ल्यू १२३’ ही तिच्या आधीची मालिका १९७६ ची. तीही अधूनमधून दिसते.

या गाड्यांचे लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते रबर, प्लॅस्टिक आणि वायरवरचे कव्हर. तीस वर्षांच्या उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते, प्लॅस्टिक तडकते. बिघाड लहान जागेत असतो, पण त्याचे लक्षण मोठ्या मशीनसारखे दिसते. खर्चाचा सगळा घोळ येथूनच सुरू होतो.

डिझेल गाडी सकाळी चालू होत नाही, हेच उदाहरण घ्या. भिवंडीच्या एका कारखानदाराच्या गाडीचे असेच झाले. एका गॅरेजने प्रथम पाचही हीटर प्लग बदलले. मग बॅटरी बदलली. मग सेल्फ खोलला. शेवटी सांगितले की डिझेल पंप गेला, तो काढून पंपवाल्याकडे पाठवावा लागेल. त्या खर्चाचा आकडा ऐकून मालकाने गाडी एका म्हाताऱ्या उस्तादाकडे नेली. उस्तादाने पाना हातात घेतला नाही. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली आणि फजरनंतर शागीर्दाला सेल्फ मारायला बसवून स्वतः सायलेन्सरजवळ उभा राहिला. सेल्फ फिरतो आहे, पण धूर अजिबात नाही.

आता यात विचार कसा आहे तो पाहा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा-करडा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे पण पेटत नाही. तेव्हा हीटर प्लग पाहावेत, कंप्रेशन पाहावे. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, मग पाचच काय पन्नास हीटर प्लग बदलून काय होणार? या इंजिनावर डिझेलच्या काही नळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात, जुन्या झाल्या की पिवळट पडतात. उस्तादाने त्या कापडाने पुसल्या, टॉर्च धरला आणि मालकाला बोलावून दाखवले. नळीतून डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ चालली होती. नळीच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग कडक होऊन हवा ओढत होती, आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरत होते. नळ्या आणि ओ-रिंग नव्या टाकल्या, काम संपले. पंपाला हातही लावावा लागला नाही. गाडीचे तोंड चढावर करून उभी केली की सकाळी त्रास जास्त होतो, हीही याच दोषाची एक खूण उस्तादाने सांगितली.

हीटर प्लगचीही तपासणी अशीच सोपी आहे. रिलेपाशी प्लगच्या वायरी सोडवून एकेक मीटरने मोजावा. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला प्लग काहीच दाखवत नाही. जो मेला तो आधी कळतो, मग बदलायचा.

‘डब्ल्यू १२३’ डिझेलची एक गंमत सांगण्यासारखी आहे. चावी काढली तरी इंजिन चालूच राहते. घाबरलेला मालक पंप खराब झाला समजतो. वास्तविक या गाडीत इंजिन बंद करण्याचे काम व्हॅक्यूम करतो, आणि दरवाज्यांचे लॉकही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. मागच्या दरवाज्यातला एखादा रबरी पडदा फाटला की व्हॅक्यूम तेथून निसटतो आणि इकडे इंजिन बंद व्हायचे नाव घेत नाही. दोष दरवाज्यात, लक्षण इंजिनात! एकेक नळी दाबून बंद करीत गेले की फुटकी फांदी सापडते. ऑटोमॅटिक गिअरच्या डिझेल गाडीत गिअर झटक्याने पडू लागले तरी गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी हाच व्हॅक्यूम मीटर लावून मोजावा. पुष्कळदा गिअरबॉक्सचा काही गुन्हा नसतो.

पेट्रोलच्या ई २२० चे दुखणे निराळे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या इंजिनांच्या वायरिंगवर जे कव्हर वापरले गेले ते उष्णतेने पापडासारखे चुरा होते. मग गाडी आयडलला थरथरते, गरम झाली की बंद पडते, मध्येच ओढ सोडते, आणि पुन्हा आपोआप नीट चालते. अशा वेळी सेन्सर बदला, थ्रॉटल बदला, शेवटी कॉम्प्युटर बॉक्स बदला, अशी रांग लागते. उघड्या वायरी एकमेकींना टेकत असतील तर नवा बॉक्सही जळू शकतो. म्हणून पहिले काम एकच. इंजिनजवळच्या जोडाची बाहेरची नळी थोडी मागे सारून आतली वायर हलकेच वाकवून पाहणे. कव्हर गळून पडले तर दोष मिळाला. मूळ वायरिंग महाग वाटत असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जुनी टर्मिनल ठेवून उष्णता सोसणाऱ्या वायरीने नवे वायरिंग बांधून देतो. हे काम चिकाटीचे असून त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी खुशीने द्यावी.

आजचा स्कॅनर या गाड्यांना थेट लागत नाही, कारण आजच्या पद्धतीचे सॉकेटच त्यांना नाही. जुन्या उस्तादांकडे एक लहान एलईडी दिवा आणि बटण असते. बॉनेटखालच्या सॉकेटला ते लावून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजले की अनेक मॉडेलांत दोषाचा आकडा मिळतो. तरुण मिस्त्री हे शिकायला कंटाळतात असे उस्ताद म्हणतात. आकडासुद्धा फक्त मोहल्ला सांगतो, घर शोधावे लागते.

बाकी किरकोळ गोष्टी थोडक्यात. रेडिएटरचे प्लॅस्टिकचे नाक ठिसूळ होऊन एके दिवशी तुटते, ते घाटात तुटण्यापूर्वी पाहून घ्यावे. गाडी विशिष्ट वेगाला धडधडते तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे रबर कपलिंग तडकले आहे का ते बघावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलचा जरासाही वास आला तर रबरी होज ताबडतोब तपासावेत. यात आगीचा धोका आहे, चालढकल नको.

लूमवर कापडात खोट आली तर जाणता जॉबर आधी ती उभी आहे की आडवी हे पाहतो. उभी रेघ असेल तर ताणा आणि फणी पाहतो, आडवा पट्टा असेल तर बाणा आणि धोटा. कोणी लूम खोलायला बसत नाही. त्या जॉबरच्या नजरेची किंमत आपण कारखानदार मंडळी बिनबोभाट मोजतो. मोटारीच्या मिस्त्रीला मात्र आपण म्हणतो, “नुसते बघितलेस, पैसे कसले?” आमच्या मते बिघाडाचे मूळ येथे आहे. हकीम नाडी पाहण्याचे पैसे घेतो ते आपल्याला चालते. मिस्त्रीने दोन तास डोके लावून शंभर-दोनशे रुपयांची ओ-रिंग शोधली तर त्याच्या हाती काय पडते? ज्याला तपासणीचे काही मिळत नाही तो पार्टच्या विक्रीतून आपली रोजी काढणार. त्याला बेईमान म्हणण्याआधी आपण त्याच्यासाठी दुसरा कोणता रस्ता ठेवला ते पाहावे.

म्हणून तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, काम सुरू होण्यापूर्वी ठरवावी, आणि दोष किरकोळ निघाला तरी पूर्ण द्यावी. मिस्त्री बंधूंनीही ती संकोच न करता मागावी, मात्र दोष डोळ्यांनी दाखवून मग पार्ट मागवावा आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात ठेवावा. कुर्ल्याच्या बाजारातून जुना पार्ट आणला असेल तर तो जुना आहे हे बिलावर लिहावे. अंदाजाने टाकलेला पार्ट निरुपयोगी ठरला तर त्याचा भार कोणावर, हेही आधी बोलून घ्यावे. तोंडी व्यवहारात भांडणे याच मुद्द्यावर होतात.

गाडी विकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. माहीत असलेला ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, आणि फिक्हमध्ये खियारे-ऐब म्हणजे ऐब निघाल्यास सौदा परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क मानलेला आहे. वायरिंग चुरा झाले आहे, व्हॅक्यूम गळतो आहे, हे सांगून चार पैसे कमी घ्यावेत. कापडाच्या गाठीत डाग असेल तर आपण तो दाखवूनच भाव करतो, मग मोटारीला वेगळा न्याय का असावा?

घेणाऱ्याने कागदही पाहावेत. पिंपरीत जुळवलेली गाडी आणि परदेशातून आणलेली गाडी रस्त्यावर सारखीच दिसते, सरकारी दरबारी ती सारखी नाही. ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या नियमाप्रमाणे २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १० हजार रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ती ८० हजार, आणि जीएसटी त्यावर वेगळा. राज्याचा पर्यावरण कर निराळा. सौदा ठरवण्यापूर्वी आरसीवर काय लिहिले आहे आणि नोंदणीची मुदत कधी संपते ते वाचून घ्यावे. आणि गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, थंड इंजिन आपल्या समोर चालू करायला लावा. बॉनेटवर हात ठेवून पाहा. विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या, सलाम करा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता लवकर जा.