सत्ता कुणाच्या नावाने?

(लेखमाला : राज्यकर्ते आणि नागरिक – लेखांक ५)

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू असताना हरी विष्णू कामत यांनी एक दुरुस्ती मांडली : उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले कामत मनापासून बोलत होते. पण सभेतले कित्येक आस्तिकच अस्वस्थ झाले. थानू पिल्ले स्वतः श्रद्धाळू. तरी ही श्रद्धेची सक्ती ठरेल, असे त्यांनी सांगितले. ज्या उद्देशिकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य देतो, तिच्यातच सर्वांवर एक श्रद्धा लादायची, ही विसंगती हृदयनाथ कुंझरूंनी दाखवली. ईश्वरावर मत देण्याची वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरोधात ६८.

या ६८ जणांत देव मानणारे थोडे नव्हते. तरीही त्यांनी विरोध केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. राज्याचा अधिकार ईश्वराच्या नावाने सुरू झाला, की राज्यकर्त्याला जाब विचारणाऱ्यावर ईश्वराचा द्रोही असल्याचा शिक्का मारणे सोपे होते. तो अधिकार ‘आम्ही, भारताचे लोक’ यांच्याकडून आला असेल, तर राज्यकर्ता आपल्याच लोकांना बांधील राहतो. ज्यांनी दिला ते दर पाच वर्षांनी काढूनही घेऊ शकतात.

केवळ धार्मिक तटस्थता पुरेशी असती, तर ती इंग्रजांच्या राज्यातही होती. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले होते. पण ते राणीचे वचन होते. ते मोडले गेले तर प्रजेने दाद मागायची कुणाकडे? पुढे १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले आणि मतदार कोण, हे त्याच्या धर्मावरून ठरू लागले. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२५ ने ही वाट बंद केली. प्रत्येक मतदारसंघाची एकच मतदार यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणाने कुणाचेही नाव तिच्यातून वगळता येत नाही. मत मागायला येणाऱ्याला सगळ्यांच्या दारात यावे लागते, ते यामुळे. अनुच्छेद २७ पैशापुरता तेवढाच स्पष्ट आहे : एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणावरही कर लादता येत नाही.

आणि ईश्वराचे काय झाले? उद्देशिकेत नसलेले त्याचे नाव तिसऱ्या अनुसूचीत आहे. मंत्री ईश्वराला स्मरून शपथ घेऊ शकतो किंवा त्याचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. निवड त्याची. पण शपथ कशीही घेतली, तरी भय, पक्षपात, ममत्व वा आकस न ठेवता सर्व लोकांना न्याय देण्याचे बंधन तेच राहते. श्रद्धा मंत्र्याची स्वतःची आणि कर्तव्य मात्र सगळ्यांप्रती, ही विभागणी मला संविधानातल्या सर्वांत शहाण्या तरतुदींपैकी एक वाटते. मंत्र्याने देवळात जावे, दर्ग्यावर जावे, कुठेच जाऊ नये. नागरिकाने त्याला विचारायचे ते रेशन, रस्ता आणि पोलीस ठाण्यात मिळालेल्या वागणुकीबद्दल.

एखादे राज्य सरकारच ही मर्यादा ओलांडू लागले तर? १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींसमोर हा प्रश्न आला. त्याविषयी पुढील आठवड्यात.