शिफारस करणाऱ्याचे कमिशन

संत्र्याचा बगीचा विकताना दलाल लागतोच, हे बोरगावच्या मुलांना सांगायला नको. आंबिया बहराची फळे रंगावर आली की तो व्यापाऱ्याला घेऊन बांधावर येतो, झाडे दाखवतो, भाव जुळवून देतो. त्याची दलाली सर्वांना ठाऊक असते. म्हणून त्याच्या बोलण्यातले किती धरायचे आणि किती सोडायचे, तेही घरची वडीलधारी माणसे बरोबर ओळखतात. मात्र आपल्या बाजूने बोलणारा दलाल समोरच्याकडूनही गुपचूप पैसे घेत होता असे कळले, तर पुढच्या वर्षी त्याला बगीच्यात कोण शिरू देईल?

मोबाईलवर हाच व्यवहार चालतो, फक्त दलाल दिसत नाही. "मुलांसाठी हा शब्दकोश उत्तम, इथून घ्या," असा निरोप लिंकसह येतो. अशा काही लिंकमध्ये पाठवणाऱ्याची खूण दडलेली असते. आपण ती दाबून खरेदी केली की गिऱ्हाईक कोणी पाठवले ते दुकानाला कळते आणि पाठवणाऱ्याच्या खात्यात कमिशन जमा होते. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ साली सुरू केली. तिथे साधारणपणे लिंक दाबल्यापासून २४ तासांतली खरेदी धरतात. शब्दकोशाऐवजी कुकर घेतला तरी बहुधा कमिशन मिळतेच! आपल्याला वस्तू त्यामुळे महाग पडत नाही. मग बिघडले कुठे? दोन शब्दकोशांपैकी त्याने हाच का सुचवला, ते आपल्याला कळत नाही, तिथे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी मार्गदर्शिका काढली. पैसे, भेटवस्तू वा अन्य लाभ मिळत असल्यास तो सोप्या शब्दांत, सहज दिसेल असा सांगावा, लिंकच्या गर्दीत लपवू नये, असे तीत म्हटले आहे. शेजारच्या काकूंसाठी ती नाही हे खरे. पण काकूंनी "यात मला थोडे मिळतात" एवढे लिहिले तर आम्ही त्यांच्याकडून अधिकच निश्चिंतपणे घेऊ.

आमच्यावरही हा प्रसंग आला. एका वहीविक्रेत्याने सुचवले की शाळेने पालकांना त्याचेच नाव सांगावे, तो वाचनालयाला काही रक्कम देईल. "पैसे मुलांसाठीच जाणार, मग हरकत काय?" असे विश्वस्तांपैकी एकांनी विचारले. हरकत नाही, पण वह्यांच्या यादीच्या पहिल्याच ओळीत तसे छापू, असे आम्ही म्हटले. विक्रेत्याला ते मान्य झाले नाही. त्या वर्षी वह्या ज्याने त्याने आपापल्या दुकानातून आणल्या.