लेझीम वर्षभर खुंटीला टांगू नका



14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत संध्याकाळी लेझीमचा सराव सुरू होतो. शाळेतल्या मुली, सुना, चाळिशीतल्या बायाही उतरतात. तासभर घाम गाळतात, पण "व्यायाम केला" असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "मजा आली!" मिरवणूक झाली की लेझीम खुंटीला लागते, ती पुढच्या जयंतीपर्यंत. आज एवढंच सांगायचं आहे की जी हालचाल आवडते तीच टिकते, आणि टिकली तरच तिचा गुण येतो.

दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

बीपी-शुगर तपासायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला किंवा हमाली करणाऱ्या दादाला आळशी म्हणायचा कुणालाच अधिकार नाही. पाण्याचे हंडे वाहताना, जिने चढताना धाप लागत असेल, तर तोही व्यायामच धरायचा. पण आपली बरीच कामं एका जागी उभं राहून किंवा वाकून होतात. त्यात कंबर, गुडघे, मनगटं दुखतात, पण हृदयाला आणि फुप्फुसांना पुरेसं काम मिळत नाही. रिक्षावाले, वॉचमन, शिलाई मशीनवरच्या भगिनी यांचा तर अख्खा दिवस बसून जातो. म्हणून दमून घरी आलेल्या माणसाचंही बीपी आणि शुगर वाढलेलं सापडतं.

शरीरात काय होतं?

स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसलं तरीही. जेवणानंतर 10-15 मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. जोमाने केलेल्या हालचालीचा हा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, मग ओसरतो. म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. नियमित हालचालीने बीपी थोडं खाली येतं, झोप चांगली लागते, मनावरचा ताणही हलका होतो.

किती करायचं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो सलग नसला तरी चालतो. सकाळी 10, दुपारी 10, रात्री 10 मिनिटं असंही करता येतं. जोर पुरेसा आहे का, हे ओळखायला सोपी खूण आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही करावं, जसं हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, किंवा भिंतीला हात टेकून जोर काढणं. मुलांना मात्र रोज 60 मिनिटं खेळू द्या.

आवडीचं काय?

लेझीममध्ये गुडघे वाकतात, पाठ वाकते, हात खांद्याच्या वर जातात आणि सगळं तालावर होतं. जिममध्ये पैसे मोजून याहून वेगळं फारसं मिळत नाही. विहाराच्या अंगणात आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास लेझीम झाली, तर निम्म्याहून जास्त हिशेब तिथेच पुरा होतो. लेझीम नको असेल तर लगोरी, लंगडी, दोरीच्या उड्या आहेतच. घरात जागा नसेल तर दार लावून दोन गाण्यांवर मनसोक्त नाचा.

चालणं आवडत असेल तर दोघी-तिघी मिळून निघा. सोबत असली की कंटाळा येत नाही आणि अंधारात भीतीही वाटत नाही. चालण्याचं महत्त्व आपल्याला नवं नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यात निरोगी राहणं आणि खाल्लेलं नीट पचणं हेही आहेत.

"या वयात नाचते" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. त्याहून मोठी अडचण वेळेची असते. घरातल्या दादांनी आणि मोठ्या मुलांनी संध्याकाळची भांडी अंगावर घेतली, तर आईला तिचा अर्धा तास मिळेल. बाईची साखर आटोक्यात ठेवायला घरातून एवढी मदत हवीच.

हे सांभाळा

- तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी-शुगर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, आशाताईंना विचारा.
- बीपी 180/110 किंवा त्याहून जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
- शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी जोराचा व्यायाम नको. पदराला किंवा खिशात साखर ठेवा. थरथर सुटली, दरदरून घाम आला तर ती लगेच खा.
- शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये. रात्री तळपाय बघावेत.
- छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. छातीतलं दुखणं किंवा दडपण काही मिनिटांत गेलं नाही, तर 108 ला फोन करा.

पहिल्या आठवड्यात 10 मिनिटंच करा, मग हळूहळू वाढवा. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की लगेच घरी पळू नका. तिथेच चार जणी मिळून तीन वार आणि एक वेळ ठरवा, आणि खुंटीवरची लेझीम खाली काढा.